उसनी पाटी

परवा भाच्याचा फोन आला. सध्या तो रस्ट शिकतोय. रस्ट म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा, आणि ती शिकताना पहिले काही महिने कंपायलरची बोलणी खावी लागतात. (कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत नेणारा, आणि नेण्याआधी तपासणारा.) तर हा म्हणाला, "मामा, मी एक ट्रेट लिहिला. कंपायलर म्हणाला, इथे 'व्हेअर सेल्फ टिक-ए' अशी अट घाल. मी घातली, चाललं. पण ती अट कशाला हवी ते काही कळलं नाही."

"चाललं ना? मग झालं तर," असं म्हणून मी फोन ठेवला. मामा लोकांनी असंच उत्तर द्यायचं असतं. :-)

पण नंतर रुखरुख लागून राहिली. एक तर त्या अर्ध्या ओळीमागे साडेसहा वर्षांची खटपट आहे. आणि दुसरं म्हणजे, ती अट ज्या चुकीसाठी आहे ती चूक मी स्वतः केलेली आहे. चांगली ठसठशीत. तेव्हा भाच्याला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहितोय. ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मामला शेवटी उसनवारीचा आहे.

आधी माझी चूक. वीसेक वर्षांपूर्वी एका कचेरीच्या पगारपत्रकाचं काम माझ्याकडे होतं. फायलीतून एकेका माणसाची नोंद वाचायची, यादीत टाकायची, यादी पुरी झाली की छापायची. काम भराभर व्हावं म्हणून मी एक शक्कल लढवली. दर नोंदीसाठी मेमरीत नवी जागा मागण्याऐवजी एकच जागा घेतली आणि प्रत्येक नोंद तिच्यातच वाचली. शाळेतल्या पाटीसारखं. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं, पुढचं लिहायचं. तपासून बघायला मी एकाच माणसाची फाइल घेतली होती, ती झकास चालली. मग खरं पत्रक छापलं. तर साहेबांपासून खालपर्यंत सगळ्यांच्या नावाच्या रकान्यात एकच नाव आणि एकच पगार. यादीत सर्वांत शेवटी असलेल्या, नुकत्याच लागलेल्या शिपायाचा! हिशेबनिसांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि एक शब्द न बोलता चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

झालं होतं ते असं. यादीत मी नोंद टाकतच नव्हतो. "नोंद अमुक पाटीवर आहे" एवढा पत्ता टाकत होतो. पाटी एकच, म्हणून सगळे पत्ते तिचेच, आणि छापायच्या वेळी तिच्यावर शेवटचंच नाव उरलेलं. यात लागलीच ओरडणारं कुणी नव्हतं. प्रोग्रॅम बंद पडला नाही, तक्रार केली नाही. हिशेबनिसांनी बघितलं नसतं तर पुढे काय झालं असतं याचा विचारही नको.

नंतर कळलं की ही चूक माझ्या एकट्याची नाही, ती जुनी आणि कुलीन आहे. युनिक्समध्ये फोल्डरमधल्या फायली एकेक करून देणारं 'रीडडिर' नावाचं फंक्शन आहे. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की मी दिलेली माहिती पुढच्या हाकेला पुसली जाऊ शकते. पायथॉनच्या 'ग्रुपबाय'मध्ये पुढच्या गटाकडे गेलात की मागचा गट हातातून जातो. गो भाषेच्या 'स्कॅनर'चंही तेच, त्याने दिलेले बाइट्स पुढच्या वाचनात बदललेले असू शकतात. हडूपमध्ये रिड्यूसरला जी मूल्यं एकामागून एक मिळतात ती एकाच ऑब्जेक्टमध्ये भरून येतात, आणि ती जशीच्या तशी यादीत साठवली की माझ्या पगारपत्रकासारखंच होतं. सगळीकडे पाटी एकच आहे, आणि सगळीकडे इशारा कागदपत्रात लिहिलेला आहे. म्हणजे जिथे कोणी वाचत नाही तिथे.

वास्तविक "एकेक वस्तू दे" ही कल्पना फार चांगली. १९७०च्या दशकाच्या मध्यावर एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्लू नावाची भाषा केली. तिच्यात इटरेटर हे भाषेचंच अंग होतं. साठा कसा ठेवलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज नाही, त्याने "पुढचं" म्हणायचं आणि इटरेटरने पुढचं द्यायचं. (लिस्कोव्हबाईंना पुढे २००८चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.) ही कल्पना मग सगळीकडे गेली. अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांच्या एसटीएलमधून १९९४ साली ती सी-प्लस-प्लसच्या मसुद्यात आली, आणि १९९८च्या जावा १.२ बरोबर आलेल्या कलेक्शन्समध्येही आली. पण "दिलेलं कधीपर्यंत धरून ठेवायचं?" हा प्रश्न तिच्याबरोबरच सगळीकडे गेला. सी-प्लस-प्लसमध्ये व्हेक्टरवरून फिरता फिरता त्यातच भर घातली तर हातातला इटरेटर निकामी होऊ शकतो, आणि भाषा याबद्दल मौन पाळते. जावा तुलनेने भली. ती चालू प्रोग्रॅममध्ये एक्सेप्शन फेकते, पण हा प्रयत्न शक्य तितपतच आहे, यावर विसंबू नका, असं तिथेही लिहून ठेवलंय.

रस्टची सुरुवात २००६ साली झाली, ग्रेडन होअर यांचा घरचा उद्योग म्हणून. २००९ साली मोझिलाने त्याला आसरा दिला, २०१० साली ते जगजाहीर झालं. कुठली वस्तू मेमरीत किती काळ जिवंत आहे हे प्रोग्रॅम चालवण्याआधीच, नुसता वाचून ठरवता येईल का, हा विचार त्याच्याही आधीचा. मॅड्स टोफ्टे आणि जाँ-पिएर ताल्पाँ यांचं 'रीजन्स'वरचं काम १९९४चं, आणि त्या धर्तीवर सीसारखी पण सुरक्षित अशी सायक्लोन नावाची भाषा २००२च्या सुमारास तयार झाली होती. रस्टने तिथून बरंच घेतलं आणि त्याला एक साधा, कडक नियम जोडला. वस्तूचा मालक एक. बाकीचे ती उसनी घेऊ शकतात. नुसती बघायला कितीही जणांनी घ्यावी, पण बदलायची असेल तर त्या काळात ती एकाच्याच हातात. आणि प्रत्येक उसनवारीला मुदत. ही मुदत म्हणजेच लाइफटाइम. ती लिहिताना अक्षराआधी एक टिंब-रेघेसारखी टिकली देतात, म्हणून तिला 'टिक-ए' म्हणायचं.

असा नियम असलेल्या भाषेत माझ्या पाटीचं काय झालं असतं? इथेच गोष्ट अडते.

सुरुवातीच्या रस्टमध्ये इटरेटर उलट्या दिशेचे होते. तुम्ही काम सांगायचं आणि साठाच ते प्रत्येक वस्तूवर करून द्यायचा. २०१३ साली ते बदललं आणि आपण "पुढचं" मागायचं ही पद्धत आली. त्या इटरेटरला तो काय देतो हे बाहेरून, पॅरामीटर म्हणून सांगावं लागे. २०१४ साली एरन ट्युरॉन यांच्या प्रस्तावातून असोसिएटेड टाइप आले, म्हणजे काय देणार हे इटरेटरने आपल्या पोटातच 'आयटम' या नावाने एकदा जाहीर करायचं. पुष्कळ सुटसुटीत झालं. १५ मे २०१५ला रस्ट १.० आलं, आणि त्याबरोबर एक वचन आलं: आज चालणारं उद्याच्या १.कितीही मध्ये चालेल. हे वचन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मेख बघा. 'आयटम' एकदाच जाहीर होतो. पण पाटीची उसनवारी दर वेळी नवी असते. पहिल्या "पुढचं"ची मुदत वेगळी, दुसऱ्याची वेगळी. 'आयटम'मध्ये त्या मुदतीला बसायला जागाच नव्हती. परिणामी रस्टचा इटरेटर जे देतो ते इटरेटरपासून स्वतंत्र असलं पाहिजे. एक तर तुमच्या मालकीचं, नाही तर तिसऱ्याच कुणाकडून उसनं, ज्याच्याशी देणाऱ्याचा संबंध नाही. छापील कागद चालेल, पाटी चालणार नाही. म्हणून फायलीतल्या ओळी देणारा रस्टचा 'लाइन्स' प्रत्येक ओळीला नवी स्ट्रिंग करून देतो. दहा लाख ओळी, दहा लाख स्ट्रिंगा. एकच जागा पुन्हा पुन्हा वापरायची तर 'रीड लाइन' घेऊन लूप हाताने लिहायचा.

दुसरं उदाहरण खिडक्यांचं. १, २, ३, ४, ५ अशी रांग आहे आणि तीन-तीनच्या सरकत्या खिडक्या हव्यात. पहिली १-२-३, दुसरी २-३-४. नुसत्या बघायच्या असतील तर रस्टमध्ये 'विंडोज' आहे. बदलायच्या असतील तर 'विंडोज म्यूट' नाही. का? तर पहिली खिडकी धरून ठेवून कुणी दुसरी मागितली की २ आणि ३ दोन्ही हातांत आले, दोन्ही हातांत खोडरबर. पहिली परत केल्याशिवाय दुसरी मिळणार नाही असं म्हणता आलं असतं तर काही प्रश्न नव्हता. पण नेमकं तेच भाषेला म्हणता येत नव्हतं.

मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला हसूच आलं. माझ्या चुकीवर इतका जबरदस्त उपाय, की चूकही बंद आणि पाटीही बंद!

माणसं मग आडवाटा काढतात. 'स्ट्रीमिंग इटरेटर' नावाचं एक तयार पॅकेज निघालं. त्याने "पुढचं दे" याचे दोन तुकडे केले, आधी "पाटी पुढे सरकव" आणि मग "पाटी दाखव". दाखवण्यापुरती उसनवारी, ती संपली की सरकवायचं. चालतं, पण अवघडल्यासारखं. (पुढे असिंक जगातल्या 'स्ट्रीम'शी गोंधळ होऊ लागला म्हणून अशा इटरेटरला 'लेंडिंग', म्हणजे उसनं देणारा, असं नाव रुळलं. नाव मात्र फार समर्पक.)

एप्रिल २०१६मध्ये विदाउटबोट्स या नावाने लिहिणाऱ्या रस्टकर्त्याने प्रस्ताव मांडला, क्रमांक १५९८. म्हणणं साधं होतं: 'आयटम'लाच मुदतीचं पॅरामीटर घेऊ द्या. नुसतं "मी हे देतो" नाही, तर "मी टिक-ए मुदतीचं हे देतो". आधी याचं नाव 'असोसिएटेड टाइप कन्स्ट्रक्टर्स' असं होतं, पुढे ते 'जेनेरिक असोसिएटेड टाइप्स', म्हणजे गॅट, झालं. हॅस्केलच्या जगात याहून मोठी, 'हायर-काइंडेड टाइप्स' नावाची सोय आहे. तीच का आणू नये अशीही चर्चा झाली. निको मात्साकिस यांनी नोव्हेंबर २०१६मध्ये यावर एक लेखमालाच लिहिली. सप्टेंबर २०१७मध्ये प्रस्ताव मंजूर झाला.

आणि मग पाच वर्षं गेली.

मंजूर होणं आणि होणं यांत किती अंतर असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कंपायलरच्या पोटात ट्रेट्सचा हिशेब करणारा जो भाग आहे त्याला हे पेलत नव्हतं. तो भाग तर्कशास्त्राच्या पायावर नव्याने बांधायचा प्रयत्न झाला. शेवटी जुन्यालाच डागडुजी करत करत काम पुढे सरकलं. ऑगस्ट २०२१मध्ये अधिकृत रस्ट ब्लॉगवर "आता हे पुरं करूया" अशी हाक दिली गेली, आणि ४ मे २०२२ला जॅक ह्युई यांनी गॅट सर्वांसाठी खुलं करण्याची विनंती दाखल केली.

इथे वाद पेटला. काहींचं म्हणणं, भाषा आधीच अवघड, त्यात ही भर कशाला? नवशिक्याला समोर हे दिसलं तर तो पळून जाईल. काहींचं म्हणणं, सोय हवी पण हे अर्धंकच्चं आहे, इतके खाचखळगे ठेवून दार उघडू नका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खळगे आहेत हे कबूल, पण चालल्याशिवाय ते बुजायचे नाहीत. आणि अवघडपणा भाषेने आणलेला नाही. पाटी एकच असण्याचा अवघडपणा पूर्वीही होताच, तो फक्त दिसत नव्हता. वाचताना मला दोन्ही बाजू पटत होत्या. खुद्द माझ्या पगारपत्रकाच्या वेळी कुणी असा कंपायलर पुढ्यात ठेवला असता तर मी तो दुसऱ्या दिवशी काढून टाकला असता, हेही मला ठाऊक आहे.

३ नोव्हेंबर २०२२ला रस्ट १.६५ आलं आणि त्यात गॅट आले.

आता भाच्याची अट. 'सेल्फ' म्हणजे पाटी दाखवणारा स्वतः. 'टिक-ए' म्हणजे ही एक उसनवारी आणि तिची मुदत. 'व्हेअर सेल्फ टिक-ए' म्हणजे दाखवणारा, आणि त्याने स्वतः कुणाकडून काही उसनं आणलं असेल तर तेही, निदान या मुदतीपर्यंत टिकलं पाहिजे. समजा पाटी माझी नाहीच, मी ती शेजाऱ्यांकडून शुक्रवारपर्यंत आणलीय. मग मी ती तुला रविवारपर्यंत कशी देणार? एवढंच त्या अटीत आहे. सांगायला गेलं तर आजीला कळेल, कदाचित आपल्याआधी. ती आपोआप गृहीत धरावी का यावरही खल झाला होता. शेवटी ठरलं की सध्या लिहायला लावायची. पुढे कधी सूट देता येईल, पण आज सूट दिली तर ती परत घेता येणार नाही.

खळगे खरोखर होते, आणि १.६५च्या वेळी ते मोकळेपणाने सांगितलेही गेले. "कुठल्याही मुदतीची पाटी असो, ती छापता आली पाहिजे" असं फंक्शनला सांगायला जावं, तर कंपायलर 'कुठल्याही'चा अर्थ अक्षरशः घ्यायचा. अगदी प्रोग्रॅम संपेपर्यंतच्या मुदतीचीही! मग शेजाऱ्यांकडून शुक्रवारपर्यंत पाटी आणणाऱ्याला दारातच अडवणार. दुसरं असं की नको त्या पाट्या गाळून हवी ती देणारा 'फिल्टर' लिहावा, तर माणसाच्या डोळ्याला तो बिनधोक दिसतो, पण उसनवारी तपासणारा म्हणतो, गाळलेली पाटी अजून तुमच्याकडेच आहे. म्हणजे कंपायलरची बोलणी खायची, आणि तीही आपली चूक नसताना.

आणि ते १.०चं वचन? ते पाळलं गेलं. मूळ इटरेटर होता तसाच राहिला. त्याच्या 'आयटम'ला मुदत जोडली असती तर जगभरचा चालता कोड मोडला असता. तेव्हा लेंडिंग इटरेटर हवा असेल तर स्वतः लिहावा किंवा एखादं पॅकेज आणावं. ज्या इटरेटरच्या उदाहरणावर हा सगळा वाद उभा राहिला, त्याच्याच वाट्याला त्याचं फळ आलं नाही. फळ गेलं भलतीकडे. डिसेंबर २०२३च्या रस्ट १.७५मध्ये ट्रेटच्या आत असिंक फंक्शनं लिहिता येऊ लागली, ती आतून याच कल्पनेवर उभी आहेत. रोज ती वापरणाऱ्या कित्येकांना गॅट हे नावही माहीत नसेल.

याची मला आधी हळहळ वाटली होती. आता तितकीशी वाटत नाही. छापील कागद देणारा इटरेटर चुकीचा नव्हताच. त्याचं दिलेलं धरून ठेवता येतं, गोळा करता येतं, त्यातलं सगळ्यांत मोठं कुठलं ते शोधता येतं. उसनं देणाऱ्याचं दिलेलं साठवता येत नाही, बघायचं आणि परत करायचं. दोन्ही लागतात. मला त्या काळी खरं तर यादी छापायची होती, म्हणजे कागदच हवे होते, आणि वेगाच्या हौसेपोटी मी पाटी घेऊन बसलो. दोन्हींत फरक आहे हे सांगणारी जागा माझ्या भाषेत नव्हती. हिशेबनिसांच्या चष्म्यात होती.

असो. भाच्याला उद्या फोन करून सांगणार आहे की ती अट काढून बघ, कंपायलर काय म्हणतो ते नीट वाच, आणि मग परत घाल. तो म्हणेल, "मामा, एवढं सांगायला दोन दिवस लागले?" साडेसहा वर्षांपेक्षा बरे की!

तुमच्यापैकी कुणाचं असं एखादं पगारपत्रक झालं असेल तर जरूर लिहा. नावं गाळून लिहिलंत तरी चालेल. :-)